गर्दी बघायला आलेली गर्दी

भोंगाकाका सायकल शर्यतींचे निवेदक झाले, कारण शर्यतीत त्यांचा कधी नंबरच आला नाही. तरुणपणी ते सायकल इतकी सावकाश मारत, आणि धापा टाकतानाही इतकं बोलत, की क्रीडा मंडळाच्या तेव्हाच्या मंडळींनी एक दिवस त्यांना सायकलवरून उतरवून माइकपुढे बसवलं. सायकलचंही भलं झालं आणि काकांचंही. तेव्हापासून दर रविवारी बशीसारख्या उतरत्या गोल ट्रॅकवर त्यांचा आवाज घुमत राहिला. लोक त्यांना भोंगा म्हणू लागले, वय झाल्यावर भोंगाकाका म्हणू लागले, आणि खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर उरलं.

ट्रॅकवर एक जुनी रीत होती. शेवटच्या शर्यतीआधी निवेदकाने आजची उपस्थिती जाहीर करायची आणि प्रेक्षकांनी स्वतःसाठीच टाळ्या वाजवायच्या. हा आकडा कसा काढायचा, हे काकांना त्यांच्या आधीच्या निवेदकाने शिकवलं होतं. तो म्हणायचा, "आलेले मोजायचेच. पण ज्यांना यायचं होतं आणि जमलं नाही, त्यांनाही धरायचं. एखादा पाहुणा जेवायला आला नाही, म्हणून काय तो लगेच परका होतो?"

हे काकांना मनापासून पटलं. सुरुवातीला यायचं होतं पण जमलं नाही असे लोक थोडे होते. हळूहळू ते वाढत गेले. आता परिस्थिती अशी होती की समोरच्या लाकडी गॅलरीत एकोणीस माणसं बसलेली असत आणि काका भरदार आवाजात सांगत, "आजची उपस्थिती, बाराशे!" एकोणीस जण टाळ्या वाजवत. प्रत्येकाला वाटे, उरलेले आपल्या पाठीमागे बसले असतील. मागे वळून बघणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं.

तसा गर्दीचा ओघ काकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या लहानपणी या आवारात बॉक्सिंगला जत्रा लोटायची. मग लोकांना रक्ताचा कंटाळा आला आणि ते सायकलींकडे वळले. तेव्हा या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची, पोरं विजेच्या खांबांवर चढून शर्यत बघायची. पुढे फुटबॉलने ती माणसं पळवली. मग टीव्ही आला आणि फुटबॉलवाले घरी गेले. घरी चपला काढून बसता येतं आणि पंचाला शिव्या घातल्या तर बायकोखेरीज कुणी हटकत नाही. अलीकडे बास्केटबॉलने गाणी लावली, रंगीत दिवे लावले, मध्यंतरात प्रेक्षकांवर फुकटचे टी-शर्ट भिरकावायला सुरुवात केली. तिकडे हॉल ओसंडू लागला. टी-शर्ट मिळाल्यावर किती जण सामना बघायला थांबत, हे कुणी मोजत नसे. व्हॉलीबॉलचं तर न बोललेलंच बरं. तिथे खेळाडू जास्त आणि प्रेक्षक कमी अशी अवस्था होती, आणि प्रेक्षकांतले बरेचसे राखीव खेळाडू होते.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मंडळाला नवे सचिव आले. तरुण, हसतमुख आणि कामसू. त्या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की समजावं, काहीतरी बंद होणार आहे. त्यांनी सगळ्या खेळांचे जुने आकडे मागवले, लॅपटॉपवर रंगीत आलेख काढला आणि भिंतीवर दाखवला.

"फुटबॉल खाली येतोय. बास्केटबॉल चढतोय. व्हॉलीबॉल..." सचिवांनी आदराने क्षणभर शांतता पाळली. "मंडळाला पार्किंगला जागा हवी आहे. जो खेळ तळाला असेल त्याची जागा आपण घेणार. आणि हे बघा, सायकल! इतक्या वर्षांत एकदाही खाली नाही! जगात सगळीकडे लोक मैदान सोडून जातायत आणि आपल्याकडे बाराशेचे बाराशे! भोंगाकाका, रहस्य काय तुमचं?"

"लोकांचं प्रेम," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं. फक्त प्रेमाची शिरगणती तेवढी जरा सैल होती.

त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली. तशी झोप पुढे बरेच दिवस लागायची नव्हती.

कारण तो आलेख फिरत फिरत इमारतींची सुरक्षितता बघणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर गेला. इंजिनिअर सडपातळ, अबोल, पायात कॅनव्हासचे बूट घालणारा. तो आला, गॅलरीखाली शिरला, बराच वेळ आत काहीतरी ठोकत बसला आणि डोक्यावर कोळिष्टकं घेऊन बाहेर आला.

"मागचे दोन खांब आतून पोकळ आहेत," तो म्हणाला. "पाचशे माणसं शांत बसली तर गॅलरी टिकेल. तुम्ही बाराशे बसवता."

"शांत बसतात हो सगळे," काका म्हणाले.

"येत्या रविवारी मी स्वतः येतो. खरंच बाराशे असले तर गॅलरी त्याच दिवशी बंद. आणि प्रेक्षकांना जागा नसेल तर ट्रॅक चालवून तरी काय करायचं, ते मंडळ ठरवेल."

बाराशे म्हणावं, तर धोका म्हणून बंद. एकोणीस म्हणावं, तर रिकामं म्हणून बंद. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींवर पार्किंग. ज्या ट्रॅकवर ते आयुष्यभर बोलले, जिथे अजूनही डझनभर पोरंपोरी शाळा सुटली की घामाघूम होऊन गोल गोल फिरत, तिथे उद्या मोटारी उभ्या राहणार. आणि गाड्यांना निवेदक लागत नाही.

घरी काकूंनी त्यांचं ताट बघितलं. भात चिवडलेला होता.

"काय झालंय?"

काकांनी सगळं सांगितलं.

"अहो, मग खरं सांगून टाका."

"खरं सांगितलं की ट्रॅक गेला."

"मग खोटंच चालू ठेवा."

"खोटं सांगितलं तरी ट्रॅक गेला."

"मग गप्प बसा."

"मी?"

काकूंनी क्षणभर विचार केला आणि ते शक्य नसल्याचं मान्य केलं.

मग काकांनी मधला मार्ग काढला. इंजिनिअर येईल तेव्हा गॅलरीत साधारण चारशे माणसं असावीत. म्हणजे पाचशेच्या आत, आणि तरी अब्रूला साजेशी. इतर दिवशी बाराशे असतात, आज जरा ओसरलेत, एवढं म्हणता येईल. ते दारोदार फिरले. न्हाव्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, साडूला सांगितलं, साडूच्या व्याह्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, "येतो की!" त्या "येतो की"चा अर्थ काकांना चांगला ठाऊक होता. त्यावरच त्यांचे बाराशे उभे होते. शनिवारपर्यंत त्यांची भूक मेली, घसा बसला, आणि झोपेत ते आकडे पुटपुटू लागले. काकू ऐकून घेत. नावं नव्हती, नुसते आकडे होते, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही.

तिकडे सचिव मात्र अभिमानाने फुलले होते. आपल्या अमलात एखादी गॅलरी गर्दीने मोडायला आली, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. भेटणाऱ्यांत एक वार्ताहर होता. रविवारी सकाळी पेपरात बातमी आली: "सायकल शर्यतींना तोबा गर्दी, लाकडी गॅलरी धोक्यात."

आणि गाव लोटलं.

ज्यांनी सायकल शर्यत आयुष्यात पाहिली नव्हती, ज्यांना ट्रॅक कुठे आहे तेही माहीत नव्हतं, ते सगळे आले. सायकली बघायला कुणीच आलं नव्हतं. इतकी गर्दी कशाला होते, ते बघायला गर्दी आली होती. आणि गर्दी दिसल्यावर प्रत्येकाची खात्री पटत होती की आपण आलो ते बरं झालं. कुणी मुलांना खांद्यावर घेतलं होतं. कुणी उशी आणली होती. न्हावी, औषधवाला, साडू आणि साडूचे व्याहीही आले होते. जन्मात पहिल्यांदा "येतो की" म्हणणारे खरोखर आले, आणि तेही नेमके आज.

निवेदकाची खोली गॅलरीच्या बरोबर समोर, ट्रॅकच्या पलीकडे होती. काका खिडकीतून बघत राहिले. भरलेली गॅलरी त्यांनी तरुणपणानंतर पाहिली नव्हती. एक क्षण, फक्त एकच, त्यांचे डोळे भरून आले. मग पहिली शर्यत सुटली, गॅलरी एकदम उभी राहिली, पाय आपटू लागली, आणि काकांना गॅलरीच्या पोटातून धूर निघाल्यासारखी धूळ खाली गळताना दिसली. वरचा पांढरा कठडा मधोमध झुकला होता. दोरीवर ओली चादर टाकल्यावर दोरी झुकते तसा.

दार उघडून सचिव आत आले. चेहरा नवरदेवासारखा.

"काका! तुम्ही कमीच सांगत होता की! हे दोन हजार तरी असतील!"

काकांनी इंजिनिअरला फोन लावला.

"कुठे आहात साहेब?"

"गेटबाहेर. गर्दीत अडकलोय, आत सोडेनात. गॅलरी कशी आहे?"

"भरलीय."

"बसलेत ना सगळे?"

"नाचतायत."

मग इंजिनिअर अगदी हळू आवाजात बोलला. "शर्यती थांबवा. लोकांना खाली उतरवा, थोडे थोडे. धोका हा शब्द तोंडातून काढू नका. सगळे एकदम उठून पळाले तर गॅलरी तिथल्या तिथे बसेल."

काकांनी माइक पुढे ओढला. आवाज नेहमीचाच निघाला. आयुष्यभराच्या सवयीचा तेवढा एक फायदा.

"रसिकहो, आता थोडा वेळ शर्यती थांबतील. ट्रॅकच्या मधल्या गवतावर मोकळी जागा आहे. ज्यांना पाय मोकळे करायचे असतील त्यांनी सावकाश खाली यावं."

कुणी हललं नाही. बसायला जागा मिळालेला माणूस पाय मोकळे करायला जात नाही. परत येईपर्यंत जागेवर कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो.

काकांनी दुसरा उपाय केला.

"आपल्या नेहमीच्या प्रेक्षकांसाठी आज गवतावर मानाची जागा ठेवली आहे. नेहमीच्या प्रेक्षकांनी कृपया..."

वाक्य पुरं व्हायच्या आत अख्खी गॅलरी उठली. मानाची जागा म्हटल्यावर प्रत्येक जण नेहमीचा होता. लाकूड इतक्या मोठ्याने कण्हलं की ट्रॅकपलीकडे ऐकू आलं.

"बसा! बसा! बसा!" काका ओरडले. "नाव घेईन त्यानेच उठायचं! मान आहे, मागून मिळत नाही!"

या वाक्याने लोक चपापून बसले. आता नावं घेणं आलं. आणि नावं होती ती एकोणीसच.

काकांनी शेजारी उभ्या असलेल्या सचिवांकडे पाहिलं. आपण आता काय करतोय, हे त्यांना पुरतं कळत होतं. समोर कठडा आणखी झुकला होता. त्यांनी सुरुवात केली.

"मधली चौथी ओळ, थर्मासवाले काका. या. आणि काकांच्या ओळीतली पाहुणे मंडळी, त्यांच्या मागोमाग, एकामागून एक."

थर्मासवाले काका उठले, बगलेत थर्मास मारून वराच्या बापासारखे पायऱ्या उतरले. त्यांची ओळ मागोमाग निघाली. ट्रॅक ओलांडून गवतावर गेली.

"डावीकडची सातवी, विणकामवाल्या मावशी. सावकाश मावशी, लोकरीचा गुंडा सांभाळा. आणि त्यांची ओळ."

"उजवीकडे, दुर्बीणसाहेब. नवव्या ओळीतले जुळे भाऊ. नाही, धाकटा आधी, तो उठल्याशिवाय थोरला उठत नाही."

गॅलरीत हशा पिकला. हसताना लोक हलतात, म्हणून काका कठड्याकडे बघत राहिले. पण ओळी उतरत होत्या. एकोणीस जण नशिबाने गॅलरीभर विखुरलेले होते, कारण वर्षानुवर्षांत त्यांची एकमेकांशी भांडणं झाली होती आणि जो तो दुसऱ्यापासून लांब बसत होता. ज्या ओळीत नेहमीचं कुणी नव्हतं त्या ओळीला काका शेजारच्या ओळीचा पाहुणा करून खाली आणत होते. "जांभईवाले मामा." "नर्सबाई, ड्यूटी आहे ना संध्याकाळी, या लवकर." "ते पंचाशी बोलत नाहीत ते गृहस्थ." ज्याला त्याला आपली हाक कळत होती.

आणि प्रत्येक हाकेला सचिव एकेक बोट मिटत होते. हाताची बोटं संपली तेव्हा ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. चेहऱ्यावरचा नवरदेव कधीच उतरला होता.

"एकोणीस झाले," ते हळूच म्हणाले. "पुढचा कोण?"

पुढचा कुणी नव्हता. गॅलरी रिकामी झाली होती, फक्त अगदी वरची, शेवटची ओळ भरलेली होती. पोकळ खांबांच्या डोक्यावरची. त्या ओळीत नेहमीचं कुणी बसत नव्हतं.

"शेवटच्या ओळीतली मंडळी," काका म्हणाले, "आता तुम्ही या."

ओळ उठायला लागली आणि अडकली. ओळीच्या टोकाला, जिन्याच्या तोंडाशी, मांडीवर पिशवी घेऊन एक बाई बसली होती. ती उठेना, आणि ती उठल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येईना. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. काकू होत्या.

"अगं, उठ की!" काका माइकवर म्हणाले.

गवतावरच्या पन्नासेक बायकांनी वर पाहिलं. जिने पाहायला हवं होतं तिने पाहिलं नाही. काकूंचा आवाज भोंग्याच्या मदतीशिवाय ट्रॅक ओलांडून आला.

"नाव घेईन त्यानेच उठायचं म्हणालात ना! इतकी वर्षं दर रविवारी इथे बसते, ती काय खांबाला टेकू म्हणून?"

धूळ आता गळत नव्हती, कोसळत होती. बायकोला प्रेक्षक धरायचं, हे काकांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बायको म्हणजे घरचं माणूस. घरच्या माणसाला कोण मोजतं? बाराशेत न आलेले अकराशे एक्याऐंशी जण होते, आणि दर रविवारी आलेली ही एकटी तेवढी त्यात नव्हती.

"शेवटच्या ओळीतल्या," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला, "एकही शर्यत न चुकवलेल्या, आमच्या सर्वांत जुन्या प्रेक्षक... या हो. कृपा करून या. हळू या, पण लवकर या."

काकू उठल्या. पिशवी सावरली, पदर नीट केला, आणि ओळ मागे घेऊन खाली उतरल्या. शेवटच्या माणसाचा पाय पायरीवरून सुटला आणि गॅलरीचा मागचा कोपरा, कुणी खुर्चीत बसावं तसा, सावकाश खाली बसला. धुळीचा मोठा ढग उठला. गवतावर उभ्या हजारो हातांनी टाळ्या वाजवल्या. हा कार्यक्रमाचाच भाग आहे, अशी त्यांची समजूत झाली होती, आणि तो कार्यक्रम त्यांना आवडला होता.

काका खुर्चीत कोसळले.

इंजिनिअर शेवटी आत आला, पडलेला कोपरा पाहिला, गवतावरची माणसं पाहिली आणि काकांचा हात कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिला. मग त्याने गॅलरी कायमची बंद केली.

माणसं वाचवणाऱ्याला त्याच दिवशी फैलावर घेणं बरं दिसत नाही, एवढं सचिवांना कळत होतं. जाताना मात्र दारात थांबले. "म्हणजे एकोणीस, काका?"

"वीस," दारातून आत येत काकू म्हणाल्या.

मंडळाच्या बैठकीपर्यंतचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. बाहेर मोटार उभी राहिली तरी ते दचकत. जाग आली की पहिला विचार ट्रॅकचा, डोळा लागताना शेवटचा विचार ट्रॅकचा. बैठकीत आपण आधीच उभं राहून सगळं कबूल करावं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. ते उभे राहिलेही. पण सचिवांनी त्यांना हातानेच बसवलं. ते घामाघूम होऊन लॅपटॉपशी झगडत होते.

अडचण अशी होती की आलेख भरलेल्या जागांच्या टक्केवारीवर बेतलेला होता. आलेली माणसं भागिले बसायच्या जागा. सायकल ट्रॅकला आता जागाच नव्हत्या. शून्याने भागायला लॅपटॉप तयार होईना. त्यात बाराशे घातले, त्याने नकार दिला. वीस घातले, तरी त्याने तोच नकार दिला. खरंखोटं त्याच्या दृष्टीने सारखंच होतं. शेवटी सचिवांनी कंटाळून सायकलची ओळच आलेखातून काढून टाकली. आलेखात नाही म्हणजे तळाला नाही. तळाला नाही म्हणजे पार्किंग नाही. तळाला व्हॉलीबॉल होता. जागा सोडायला व्हॉलीबॉलवाल्यांना हंगामापुरती मुदत मिळाली.

काकांना हसावं की रडावं कळेना. कबुलीजबाब घशाशी येऊन राहिला होता, तो तसाच घरी न्यावा लागला.

बाहेर जिन्यात व्हॉलीबॉलचा निवेदक उभा होता. बारीक आवाजाचा, भिडस्त माणूस.

"भोंगाकाका, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"तुमची गॅलरी नेमकी पडली कशी हो? म्हणजे, सुरुवात कुठून होते?"

काकांनी त्याला रागे भरलं, समजावलं, पाठीवर हात फिरवला. "वेड्या, माणसं मेली असती. माझं काळीज अजून जागेवर नाही." त्याने मान डोलावली. मान डोलावणारी माणसं काकांनी आयुष्यभर पाहिली होती.

पुढच्या रविवारी गवतावर तेवीस माणसं होती. हजारोंपैकी तीन पुन्हा आले होते. काकू घरून घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या. शेवटच्या शर्यतीआधी काकांनी "तेवीस" म्हटलं, आणि तो आकडा जिभेवर इतका हलका वाटला की आपण काही विसरलो तर नाही ना, म्हणून त्यांनी मनात पुन्हा मोजून पाहिलं. टाळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत आवारापलीकडच्या व्हॉलीबॉलच्या जुन्या हॉलमधून एक बारीक आवाज, होता नव्हता तेवढा जोर लावून, स्पीकरवर आला.

"आजची उपस्थिती, तेराशे!"

काकांनी माइक तिथल्या तिथे बंद केला. त्या हॉलचं खिळखिळं छप्पर त्यांनी पाहिलं होतं.

"अहो, शर्यत राहिलीय!" काकू म्हणाल्या.

"तू घंटा वाजव," काका म्हणाले, आणि ज्या माणसाचा सायकलवर कधी नंबर आला नव्हता तो भिंतीला टेकलेली एका पोराची सायकल ओढून हॉलच्या दिशेने निघाला.